नदीला पाणी चढते तेव्हा



जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस सलग पाऊस लागला की पुण्यात एक ठरलेली गोष्ट घडते. संध्याकाळी माणसे छत्र्या घेऊन मुठेवरच्या पुलांवर ‘पाणी बघायला’ जमतात. खाली बाबा भिडे पूल पाण्यात बुडालेला असतो, नदीपात्रातला रस्ता नाहीसा झालेला असतो आणि एरवी जिच्याकडे कोणी पाहत नाही ती मुठा गढूळ लोटाने धावत असते. जमलेल्यांच्या तोंडी एक आकडाही असतो. ‘खडकवासल्यातून आज वीस हजार सोडलंय. काल दहाच होतं.’

हा आकडा क्यूसेकचा. दर सेकंदाला एक घनफूट पाणी वाहिले तर तो प्रवाह एक क्यूसेक झाला. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. तेव्हा दहा हजार क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला २८३ घनमीटर पाणी. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते हे तुम्हांला माहीत आहेच. याचा अर्थ असा की पुलाखालून दर सेकंदाला २८३ टन पाणी जाते आहे.

आता प्रश्न असा, की दहा हजारांचे वीस हजार झाले म्हणजे नदी ‘दुप्पट’ झाली का? बहुतेकांचा समज तसाच असतो. कालची नदी होती तशीच, फक्त जरा मोठी. पण अशा पाण्यात नाव घालणाऱ्याला विचारा, तो वेगळे उत्तर देईल. तो म्हणेल, ‘ही कालची नदीच नव्हे.’ त्याचे म्हणणे का खरे आहे ते आज आपण पाहू.

कयाक नावाची होडी

ज्या नावेबद्दल आपण बोलणार आहोत तिचे नाव कयाक. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांनी ती शोधून काढली. त्या भागात झाडे नाहीत. म्हणून वाहत आलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर ते सीलचे कातडे ताणून शिवत. नाव अरुंद, वरून झाकलेली, मध्ये एक माणूस बसण्यापुरते भोक. वल्हे एकच, पण दोन्ही टोकांना पाते असलेले. थंड समुद्रात नाव उलटली तर बाहेर पडणे म्हणजे मरण. म्हणून नावेतच बसून राहायचे आणि वल्ह्याच्या फटक्याने पाण्याखालून कोलांटी घेऊन पुन्हा सरळ व्हायचे, ही कला त्यांनी साधली होती.

आजची कयाक टणक प्लास्टिकची असते. नावाडी डोक्यावर हेल्मेट आणि अंगात लाइफ जॅकेट घालतो. कमरेभोवती एक घट्ट रबरी पडदा बांधून तो नावेच्या तोंडावर ओढून बसवतो, म्हणजे आत पाणी शिरत नाही. कोलांटी मात्र तीच राहिली आहे.

पुण्याला कयाक नवी नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब संगमाजवळ १९२८ साली सुरू झाला आणि तेथील विद्यार्थ्यांचा ‘रेगाटा’ हा नौकांचा सोहळा पुणेकरांच्या परिचयाचा आहे. त्यात कयाकही असतात. पण तो खेळ संथ पाण्यावरचा. डोंगरी नदीच्या फेसाळ पाण्यातून कयाक नेणे हा दुसरा खेळ. त्याच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये प्रथम १९७२ साली झाल्या आणि १९९२ पासून त्या नियमाने होत आहेत. आपल्या देशातही केरळमधील कोझिकोड जिल्ह्यात चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या नद्यांवर भर पावसाळ्यात कयाकच्या स्पर्धा भरतात.

असा नावाडी नदीत उतरण्यापूर्वी काय करतो? तो काठावर उभा राहतो आणि बराच वेळ नुसते पाणी पाहतो. पाणी कुठे गुळगुळीत आहे, कुठे फुगले आहे, कुठे उलटे फिरते आहे, हे तो वाचत असतो. ही लिपी आपणही शिकू.

पाण्याची लिपी

पहिले अक्षर खडकामागची जागा. प्रवाहात मोठा खडक असला की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून पुढे जाते. खडकाच्या पाठीमागे पाणी कमी पडते, म्हणून तेथील पातळी किंचित खाली असते. ती भरून काढण्यासाठी खालचे पाणी मागे वळते आणि प्रवाहाच्या उलट दिशेने खडकाकडे येते. असल्या जागेला आपण भोवरा म्हणू. पोहणाऱ्याला त्याची भीती वाटते, पण कयाकवाल्याला ती विसाव्याची जागा. खळाळातून वाट काढताना तो एका खडकामागून दुसऱ्या खडकामागे असा थांबत थांबत जातो.

दुसरे अक्षर इंग्रजी व्ही. दोन खडकांच्या मधून गुळगुळीत पाण्याची जीभ निघते आणि तिचे टोक प्रवाहाच्या दिशेने असते. ही वाट मोकळी. पण टोक वर, म्हणजे प्रवाह जिकडून येतो तिकडे असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक आहे असे समजावे.

तिसरे अक्षर सर्वांत महत्त्वाचे. ते म्हणजे एकाच जागी उभी राहिलेली लाट. समुद्रावर लाट पुढे सरकते आणि पाणी जवळजवळ जागेवरच राहते. नदीत उलट प्रकार दिसतो. पाणी धावत असते, पण लाट तासन्‌तास तिथेच असते. हे कसे होते?

धावते पाणी आणि धावती लाट

शांत तळ्यात दगड टाकला की लाटा चहूकडे पसरतात. उथळ पाण्यात या लाटांचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोलीला गुरुत्वत्वरणाने, म्हणजे ९.८ने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. खोली १० सेंटिमीटर असेल तर वेग सेकंदाला सुमारे एक मीटर येतो. एक मीटर खोलीला तो सुमारे ३.१ मीटर येतो.

आता तळ्याऐवजी ओढा घ्या. पाण्याचा वेग लाटेच्या वेगापेक्षा कमी असेल तर लाट वरच्या बाजूसही चढू शकते. पुढे अडथळा आहे ही ‘बातमी’ मागच्या पाण्याला पोचते आणि ते आधीच फुगून जागा करून घेते. पण पाण्याचा वेग लाटेच्या वेगापेक्षा जास्त झाला तर? मग लाट वर चढूच शकत नाही. पाणी आंधळ्यासारखे धावत सुटते. पुढे संथ पाणी आडवे आले की ते एकाएकी वर उसळते, फेसाळते, स्वतःवरच कोसळते. या उसळीला अभियंते ‘हायड्रॉलिक जंप’ म्हणतात. आपण तिला पाण्याची उसळीच म्हणू.

पाण्याचा वेग भागिले लाटेचा वेग, या भागाकाराला ‘फ्राउड अंक’ म्हणतात. विल्यम फ्राउड हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभियंता. त्याने जहाजांच्या लहान प्रतिकृतींवर प्रयोग केले होते. हा अंक एकापेक्षा कमी असेल तर पाणी शांत जातीचे आणि एकापेक्षा जास्त असेल तर धावऱ्या जातीचे. अंक एकाच्या थोडाच वर असेल तर उसळी म्हणजे काचेसारख्या गुळगुळीत लाटांची रांग असते. अंक वाढत गेला की तीच उसळी गरगर फिरणारा फेसाचा रूळ बनते.

करून पाहा : स्वयंपाकघरातील मोरीत एक सपाट ताट उपडे ठेवा आणि त्यावर नळाची बारीक, अखंड धार सोडा. धार पडते तेथे पाण्याचा पातळ, चकचकीत गोल दिसेल आणि त्याच्या कडेने पाणी एकदम जाड झालेले दिसेल. ती कड म्हणजे उसळी. पेन्सिलीचे टोक आधी आतल्या गोलात आणि मग बाहेरच्या पाण्यात बुडवा. दोन्हीकडे उठणाऱ्या लाटांत काय फरक दिसतो? इतक्या पातळ थरात पृष्ठताणाचाही मोठा वाटा असतो, तेव्हा नदीचे गणित येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. पण चित्र मात्र तेच असते.

बंधाऱ्याखाली काय घडते

आता एका बंधाऱ्याचा हिशोब करू. समजा, बंधाऱ्यावरून पाणी एकूण तीन मीटर खाली येते. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाने पायथ्याशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ मीटर होईल. घर्षण आपण सोडून दिले आहे. पायथ्याशी या पाण्याचा थर ३० सेंटिमीटर जाड आहे असे धरा. एवढ्या खोलीला लाटेचा वेग सेकंदाला सुमारे १.७ मीटर. म्हणजे फ्राउड अंक साडेचार! पाणी धावऱ्या जातीचे आहे आणि उसळी अटळ आहे. गणित केले तर उसळीनंतर पाण्याची खोली सुमारे पावणेदोन मीटर आणि वेग सेकंदाला सुमारे १.३ मीटर येतो.

यात पाण्याची जवळजवळ निम्मी ऊर्जा नाहीशी होते. ती कुठे जाते? पाणी घुसळण्यात, आणि शेवटी किंचित उष्णतेत. आपल्या उदाहरणात बंधाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे ही ऊर्जा सुमारे ३३ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ ४५ अश्वशक्ती भरते. दोन हात लांबीच्या पट्ट्यात ४५ घोड्यांच्या जोराने पाणी घुसळले जात आहे.

ही उसळी नेमकी कुठे बसेल, हे मात्र बंधाऱ्याखालच्या नदीत आधीच किती पाणी आहे यावर ठरते. येथे तीन अवस्था संभवतात.

पहिली अवस्था. खाली पाणी पावणेदोन मीटरपेक्षा कमी आहे. धावरे पाणी उसळीला पुढे ढकलत नेते. उसळी बंधाऱ्यापासून दूर, उघड्यावर दिसते.

दुसरी अवस्था. नदी चढली, खाली पाणी साधारण पावणेदोन मीटर झाले. उसळी बंधाऱ्याच्या पायथ्याशी येऊन बसते. भरपूर फेस, भरपूर गर्जना. पाहणारा आपोआप दोन पावले मागे सरतो.

तिसरी अवस्था. नदी आणखी चढली. खालचे पाणी पावणेदोन मीटरच्या वर गेले. आता उसळी पाण्यात बुडते. वरून आलेली धार तळाशी घुसून तळालगत धावते आणि तिच्यावरचे पाणी बंधाऱ्याकडे उलटे वाहू लागते. पडण्याची उंची कमी झाल्याने दृश्य वरकरणी निवलेले वाटते. पुलावरचा माणूस म्हणतो, ‘चला, जोर ओसरला.’ खरे तर हीच सर्वांत घातक अवस्था असते. या परतीच्या पाण्यात सापडलेली वस्तू बंधाऱ्याकडे ओढली जाते, धारेखाली दाबली जाते, तळाने थोडी पुढे जाऊन वर येते आणि पुन्हा ओढली जाते. लाकडाचे ओंडके आणि चेंडू असे कित्येक तास फिरताना दिसतात. माणसाचेही तेच होते.

शिवाय त्या पाण्यात हवा मिसळलेली असते. समजा, फेसात तिसरा हिस्सा हवा आहे. मग त्याची घनता पाण्याच्या दोन-तृतीयांशच राहिली. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे उत्प्लावक बलही तेवढेच उरले. एरवी पाण्यावर तरंगणारे शरीर अशा फेसात बुडते, आणि वल्हे मारले तर ते पाण्याला नीट ‘धरत’ नाही.

नदी याहून चढली तर बंधारा पुरता बुडतो आणि त्याच्या जागी नुसता पाण्याचा उंचवटा दिसतो. म्हणजे पाहा, पाणी सारखे वाढत होते, पण धोका त्याच्या प्रमाणात वाढला नाही. तो वाढला, वेष बदलून लपला आणि मग दुसरीकडे निघून गेला. कालची नदी आज राहत नाही म्हणतात ते यासाठी.

खडकांमागची उसळी आणि बंधाऱ्याची उसळी यांत आणखी एक फरक आहे. खडक वेडावाकडा असतो, त्यामुळे उसळीलाही फटी असतात, कडा असतात. कयाकवाला तिच्या बाजूने निसटू शकतो. काही ठिकाणी तर तो उभ्या लाटेवर नाव टेकवून मुद्दाम खेळत बसतो. माणसाने बांधलेला बंधारा मात्र या काठापासून त्या काठापर्यंत सरळ असतो. तेथे निसटायला फट नाही. म्हणून निसर्गातल्या मोठमोठ्या धबधब्यांवरून उडी घेणारे नावाडीही पुरुषभर उंचीचा सरळ बंधारा दिसला की नाव खांद्यावर घेतात आणि काठाने चालत पुढे जातात.

पुण्यातच याचे उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून बंडगार्डनजवळ मुळा-मुठेवर बंधारा बांधला गेला. त्यामुळे वरच्या बाजूस पाणी तुंबून संथ राहिले आणि नौकाविहाराला जागा मिळाली. पुरात मात्र कुठल्याही बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला वर सांगितलेला रूळ फिरू शकतो. एकच भिंत वरच्या बाजूस तळे आणि खालच्या बाजूस सापळा तयार करते.

दुप्पट खोली, दुप्पट जोर नव्हे

बंधारे नसलेल्या नदीतही पाणी चढले की हिशोब बदलतो. रुंद पात्रात खोली दुप्पट झाली तर वेग सुमारे १.६ पट होतो. हा हिशोब रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या सूत्रावरून निघतो. खोली दुप्पट आणि वेग १.६ पट, म्हणून वाहून जाणारे पाणी सुमारे ३.२ पट. आणि पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो सुमारे अडीच पट.

धक्क्याचा अंदाज असा घ्या. अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद अशी फळी धारेत उभी धरली आहे. पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाएवढा असेल तर फळीवर सुमारे १३ किलोग्रॅम वजनाइतका रेटा येतो. वेग दोन मीटर झाला की रेटा ५० किलोग्रॅम. तीन मीटर झाला की ११५ किलोग्रॅमच्या घरात जातो. तुमच्या वजनाशी ताडून पाहा. गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाऊ असे म्हणणारी माणसे का वाहून जातात, हे यावरून कळेल.

कयाकवाल्याच्या दृष्टीने आणखी तीन गोष्टी बदलतात. पहिली, विसाव्याच्या जागा जातात. खडक बुडाले की त्यांच्यामागचे भोवरे नाहीसे होतात आणि सबंध नदी एकच अखंड घसरण बनते. दुसरी, विचाराला वेळ उरत नाही. तिसरी, नदी काठावरच्या झाडांत शिरते. बाभळीच्या फांद्या, तारेची कुंपणे, पुलांचे कठडे यांतून पाणी आरपार जाते, पण माणूस आणि नाव अडकतात. चहाच्या गाळणीत चहापत्ती अडकते तसे. आणि मागून रेटा तर थांबतच नाही.

नद्यांच्या खळाळांची एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे. पहिल्या प्रतीत नवशिक्याने जावे, सहाव्या प्रतीत तज्ज्ञानेही शक्यतो जाऊ नये. पण ही प्रत खळाळाला कायमची चिकटलेली नसते. डिसेंबरमध्ये तिसऱ्या प्रतीचा असलेला खळाळ जुलैमध्ये पाचव्या प्रतीचा होऊ शकतो. आणि एखादा खडकाळ उतार पाणी चढल्यावर बुडून सोपाही होतो. ऋषिकेशला गंगेवरचा नौकाविहार ऐन पावसाळ्यात बंद ठेवतात तो यामुळेच.

मुळेचे पाणी कोकणात

पाण्याच्या आकड्याने नदी कशी बदलते हे रोज पाहायचे असेल तर पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून रायगड जिल्ह्यात कोलाडला जावे. तेथील कुंडलिका नदीवर रबरी तराफे आणि कयाक चालतात. पण हे पाणी मूळचे कुठले? सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशी येथे मुळा नदीवर टाटा कंपनीचे धरण आहे. याच धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. पुण्याकडे येणारे मुळेचे पाणी येथे अडवून पश्चिमेकडे वळवतात आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिरा येथील वीजघरात सोडतात. हे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. जनित्रे फिरवून झालेले पाणी कुंडलिकेत जाते. म्हणजे संगमावर मुठेला भेटायचे पाणी अरबी समुद्राला जाऊन मिळते!

वीज लागेल तसे पाणी सुटते. सकाळी पाणी सुटण्याआधी पात्रात खडक उघडे असतात, नाव जाणार नाही. पाणी सुटले की थोड्याच वेळात तेथे लाटा उभ्या राहतात आणि बारा-चौदा किलोमीटरची वाट तयार होते. पाणी ठरावीक, म्हणून लाटाही ठरावीक जागी. वाटाड्यांना त्या तोंडपाठ असतात. पावसाळ्यात मात्र या ठरावीक पाण्यात डोंगरावरच्या ओढ्यांचे अनिश्चित पाणी मिसळते. मग तोंडपाठ केलेला धडा चालत नाही. नदी नव्याने वाचावी लागते.

खडकवासल्याची छोटी नदी

कयाकवाला डोळ्यांनी जे वाचतो, तेच अभियंते मोजून वाचतात. त्यासाठी पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिची सुरुवात १९१६ साली झाली. येथे नद्या, धरणे, बंदरे यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत खरे पाणी खेळवतात. प्रतिकृती आणि खरी नदी यांचा फ्राउड अंक सारखा ठेवला की दोन्हींतल्या उसळ्या सारख्या वागतात.

याचे गणित मजेदार आहे. प्रतिकृती शंभरपट लहान केली तर वेग दहापट लहान ठेवावा लागतो आणि प्रवाह एक लाखपट लहान. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेले पाणी ३५ हजार क्यूसेकच्या आसपास पोचले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले, हे तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. तो प्रवाह दर सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर होता. शंभरपट लहान प्रतिकृतीत तो सेकंदाला दहा लिटर, म्हणजे जेमतेम एका लहान बादलीएवढा होईल!

या अभ्यासातून उसळीला कामालाही लावले गेले आहे. धरणाच्या सांडव्यावरून पडणारे पाणी पायथा खणून काढू नये म्हणून खाली खास हौद बांधून उसळी त्यातच घडवून आणतात. तिने ऊर्जा गिळली की पुढे पाणी शांतपणे जाते. कालव्यात किती पाणी सोडले हे मोजण्यासाठीही उसळीचा उपयोग होतो. पात्र मुद्दाम अरुंद करून तेथे उभी लाट निर्माण करायची आणि वरच्या बाजूची पातळी पट्टीवर वाचायची. या ‘स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम’वर १९२०च्या दशकात पुण्यातच क्लॉड इंग्लिस यांनी महत्त्वाचे काम केले. हेच इंग्लिस पुढे खडकवासल्याच्या संस्थेचे प्रमुख झाले. एकच उसळी, पण ती अभियंत्याची नोकर, कयाकवाल्याची खेळगडी आणि बेसावध माणसाची वैरीण आहे.

काठावर उभे असताना

१२ जुलै १९६१ या दिवशी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले. तसा प्रलय रोज येत नाही. पण पावसाळ्यात बंधाऱ्यावर पाय धुताना, बुडालेल्या पुलावरून दुचाकी काढताना, पुराच्या पाण्यात उडी मारण्याची पैज लावताना माणसे दरवर्षी जातात. त्यांतली बरीच तरुण असतात आणि पोहायला येणारीही असतात. त्यांना पोहता येत होते. वाचता येत नव्हते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पाणी वाहत असलेल्या बंधाऱ्यावर किंवा बुडालेल्या पुलावर पाय ठेवू नका, पाणी घोट्याएवढे असले तरी. धरणाखालच्या पात्रात ऊन पडले असतानाही पाणी चढू शकते, कारण पाऊस दूर घाटात पडलेला असतो. कोणी वाहताना दिसला तर मागोमाग उडी मारू नका. बंधाऱ्याखालच्या रुळात वाचवायला गेलेलेही बुडाले आहेत. दोरी, रिकामा बंद कॅन, हवा भरलेली ट्यूब असे काही त्याच्याकडे फेका. दोरी स्वतःच्या अंगाला मात्र बांधू नका. ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ क्रमांकावर तत्काळ कळवा. स्वतः प्रवाहात सापडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा, उभे राहण्याची धडपड करू नका आणि तिरके तिरके काठाकडे सरका. पुढे झाडांची किंवा तारांची गाळणी दिसली तर मात्र पालथे होऊन पूर्ण जोराने बाजूला पोहा.

पुढच्या पावसात तुम्ही पुलावर पाणी बघायला जाल तेव्हा कठड्याच्या आत, सुरक्षित जागी उभे राहा आणि आकडा विचारून थांबू नका. उभी लाट कुठे आहे? भोवरा कोणत्या बाजूला आहे? कालचा फेस आज नाहीसा झाला असेल तर पाणी खरेच निवले, की उसळी बुडाली? वहीत चित्र काढा आणि शेजारी त्या दिवसाचा क्यूसेकचा आकडा लिहा. चार-पाच दिवसांची चित्रे जमली की वर्गात शेजारी शेजारी लावा. एकाच पुलाखालून चार निरनिराळ्या नद्या गेलेल्या तुम्हांला दिसतील.